सुनेचं केळवण

मंदाकिनीनं चमचाभर दाल तोंडात घेतली, जिभेवर जरा फिरवली, गिळली, आणि चमचा ताटलीच्या कडेला उपडा ठेवला.

"इथं नको," ती म्हणाली.

यशवंतरावांचा हात रोटीच्या तुकड्यासकट वाटीवरच थांबला. जयस्तंभ चौकातलं हे हॉटेल दुसऱ्या माडीवर होतं. जिना चढताना त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार केली होती, आणि त्याआधी खोदून ठेवलेल्या रस्त्यातून स्कूटर काढताना कमरेनं. एवढं करून वर यावं, तर बाईसाहेबांनी एका चमच्यात निकाल लावला.

"काहून नको? चांगली तर आहे दाल."

"चांगलीच आहे."

"मग मीठ जास्त झालं काय?"

"मीठ बरोबर आहे. इथं नको म्हटलं ना मी."

काउंटरवरचा मॅनेजर उठून जवळ आला.

"आंटीजी, कुछ कमी रह गई क्या? तीस-पैंतीस लोगों का हम आराम से कर देंगे. अंदर अलग हॉल है, एसी है."

"नहीं भैया. दाल बहुत अच्छी है," मंदाकिनी म्हणाली, पदर सावरला आणि जिन्याकडे चालू लागली.

अर्धी वाटी दाल टाकून उठायचं यशवंतरावांच्या जिवावर आलं. रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये उभी नोकरी काढलेला माणूस, त्यानं ताटात कधी काही टाकलं नव्हतं. उभ्या उभ्या त्यांनी दोन घास खाल्ले, मॅनेजरकडे बघून ओशाळं हसले आणि खाली आले. मंदाकिनी स्कूटरपाशी उभी होती.

"गावातलं प्रत्येक हॉटेल तुले नको. स्टेशनजवळचं नको, तेलीबांध्याचं नको. आता हेही नको. राहिलं कोणतं?"

"गाव मोठं झालं ना आता. राजधानी आहे म्हणतात," ती मागे बसत म्हणाली. "मिळंन कुठंतरी."

राजधानी तर झालंच होतं. सहा-सात वर्षांत रायपूरला नुसता ऊत आला होता. मिठाईवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या पाटीवर राजधानी हा शब्द चढला होता, धानाच्या शेतांत कॉलन्या उभ्या राहिल्या होत्या, आणि जिकडे बघावं तिकडे फॅमिली रेस्टॉरंट. तीसेक माणसं जेवायला घालायची तर जागेला तोटा नव्हता. पण मंदाकिनी जागा बघतच नव्हती. ती दालीचा एक चमचा घ्यायची आणि उठायची.

केळवण होतं क्षमाचं. क्षमा त्यांची सून. निरंजन, त्यांचा एकुलता एक मुलगा, उरल्याच्या कारखानेपट्ट्यात एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होता. दोन वर्षांमागे सिलतऱ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला. त्यानंतर क्षमा माहेरी गोंदियाला निघून जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, पण ती गेली नाही. सासूच्या गोळ्या, सासऱ्याचा चहा, दारातली तुळस, सगळं होतं तसं करत राहिली. वर्षश्राद्ध झाल्यावर मंदाकिनीनंच एक दिवस विषय काढला. पोरगी नाही नाही म्हणत होती तरी नागपूरच्या वधू-वर मंडळात तिचं नाव घातलं. स्थळ आलं. सचिन नावाचा, बँकेत नोकरीला, त्याचीही पहिली बायको गेलेली. माणूस शांत होता, समोरच्याचं ऐकून घेणारा होता. लग्न येत्या बुधवारी गोंदियाला, क्षमाच्या भावाच्या घरून. आणि त्याआधी रविवारी केळवण.

"सुनेचं केळवण?" यशवंतरावांची बहीण गोदूताई ऐकून चाटच पडली होती. "मंदा, असं कुठं असते काय? मामा करते, मावशी करते, शेजारपाजारचे करतात. सासूनं सुनेचं केळवण केलं हे मी तर बापा ऐकलं नाही."

"पोरगी माझ्या घरून चालली ना? मग मीच करीन."

गोदूताईनं पुढे वाद घातला नाही. मंदाकिनीनं या आवाजात काही सांगितलं की त्या घरात कोणी वाद घालत नसे.

घरी करायचं तर पुरानी बस्तीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत जिथं पाट मांडावा लागला असता त्याच्या बरोबर समोर निरंजनचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

"एक दिवस काढून ठेवू काय?" यशवंतरावांनी विचारलं होतं.

मंदाकिनीनं पदरानं फोटोची काच पुसली, त्यात त्यांना उत्तर मिळालं. फोटो काढायचा नाही, आणि त्या फोटोसमोर पोरीला दुसऱ्याच्या नावानं ओवाळायचंही नाही. म्हणून हॉटेल.

"तिनं घास घेतला की तो घशाखाली उतरला पाहिजे," मंदाकिनी म्हणाली होती. "इतकी वर्षं माझ्या घरी जेवली ती. जाताना एक जेवण तरी तिले सुखानं जेवता आलं पाहिजे. मले दुसरं काही नको."

आता या बाईला हॉटेलातलं काय कळावं, असं कोणीही म्हणालं असतं. साठीला आली तरी त्या आठवड्याआधी उभ्या जन्मात ती हॉटेलात बसून जेवली नव्हती. सोवळंओवळं काही नाही. चार परक्या माणसांसमोर तोंड हलवायची तिला लाज वाटे, एवढंच. लग्नकार्यातसुद्धा ती वाढायला उभी राही आणि सगळ्यात शेवटी कुठंतरी कोपऱ्यात पाठ करून जेवून घेई. तरीही रायपुरातल्या निम्म्या हॉटेलांची दाल तिला तोंडपाठ होती, कारण निरंजन पार्सल आणायचा.

लग्नानंतर दर शनिवारी तो आणि क्षमा बाहेर जेवायला जात आणि येताना आईसाठी डबा आणत. एक दाल, दोन फुलके, तुपाचं बोट न लागलेले, कांदा वेगळा. डब्याच्या झाकणावर रबरात खोचलेली बडीशेपेची एक पुडी असे, हॉटेलातल्या कागदी रुमालाची. मंदाकिनीला शुगर होती म्हणून त्या बडीशेपेतली खडीसाखर एकेक करून वेचून काढलेली असायची. डबा निरंजन ओट्यावर ठेवी, पण पुडी मात्र तिच्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, "घ्या मातोश्री."

लहानपणीही हे ध्यान कोणाच्या लग्नाला गेलं की शर्टाचा खिसा भरून आईसाठी बडीशेप आणायचं. मग मध्ये कॉलेज आलं, नोकरी आली, मित्र आले, आणि बाहेर खाऊनपिऊन साहेब हात हलवत घरी येऊ लागले. लग्न झालं आणि पोट्टा शहाणा झाला, असं मंदाकिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगे. तसा विसरण्यात एक नंबर. चष्मा विसरायचा, पाकीट विसरायचा, हेल्मेट तर त्या दिवशीसुद्धा घरीच खुंटीवर होतं. पण आईची पुडी तो कधी विसरला नाही. ही एक गोष्ट मंदाकिनीनं गेली दोन वर्षं उराशी धरून ठेवली होती.

शेवटच्या शनिवारची पुडी तिनं खाल्ली नव्हती. सकाळी खाऊ म्हणून ठेवली, मग ते राहूनच गेलं, आणि नंतर खायचा प्रश्नच उरला नाही. ती पुडी देव्हाऱ्यात देवांच्या मागे होती. यशवंतराव रोज पूजेला बसले की देव काढत, पुडी काढत, देव्हारा पुसत, देव ठेवत, पुडी ठेवत. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

म्हणून ती एक चमचा घेई आणि उठे. स्टेशनजवळच्या हॉटेलात हिंग पुढे येई, ते लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं. तेलीबांध्याची दाल गोडसर, ती पावसाळाभर यायची. आणि जयस्तंभ चौकातली, कसुरी मेथीवाली, निरंजनला बढती मिळाली त्या शनिवारची. या प्रत्येक ठिकाणी क्षमा त्याच्यासमोर बसली होती, कुठल्या तरी एका टेबलाशी, आणि पोरगी आत पाऊल टाकताच तेच टेबल बघणार. तिलाच विचारून बघावं तर ती म्हणाली असती, कुठंही चालेल आई.

शुक्रवारी यशवंतरावांचा धीर सुटला.

"बुधवारी पोरीचं लग्न आहे अन् तू दाल चाटत फिरून राहिली. लोकायले निरोप काय देऊ मी? ह्या म्हाताऱ्याले जागा सापडत नाही म्हणून?"

"विमानतळाच्या रस्त्यानं घ्या," ती म्हणाली. "तिकडं नवे झाले म्हणे."

तो रस्ता रुंद होऊन वर्षही झालं नव्हतं. दोन्ही बाजूंना अजून धसकटं उभी होती आणि त्यांच्यामधे एकदम एखादी काचेची इमारत. पहिल्याच हॉटेलात आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवरून पाणी वाहत होतं, मुद्दाम सोडलेलं. यशवंतरावांनी गळती कुठून आहे ते वर बघितलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. मंदाकिनीनं पाण्याकडे पाहिलंही नाही. वेटर येताच तिनं विचारलं,

"भैया, ये होटल कब से है?"

"अभी दीवाली में ओपनिंग हुई, मैडम."

"इसके पहले यहाँ क्या था?"

"कुछ नहीं था. खेत था."

"और खाना बनानेवाले? यहीं के किसी होटल के?"

"नहीं मैडम, पूरा स्टाफ बाहर से लाए हैं." वेटरला वाटलं असावं की बाई दर्जाची चौकशी करतात. त्यानं छाती जरा पुढे काढली.

दाल आली. मंदाकिनीनं एक चमचा घेतला. मग दुसरा घेतला. यशवंतराव श्वास धरून बघत होते. तिनं तिसरा घेतला.

"इथं," ती म्हणाली.

यशवंतरावांनी घाईनं चाखून बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"मंदा, बेचव आहे हे. नुसतं पिवळं पाणी. आपल्या घरचं वरण यापेक्षा हजार पट चांगलं. अन् त्या चौकातली तेवढी मस्त दाल सोडून तू—"

"ही दाल आपल्या घरी कधी आली नाही," मंदाकिनी म्हणाली.

यशवंतरावांनी चमचा खाली ठेवला. आठवडाभराची सगळी हॉटेलं त्यांच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक गेली असावीत. त्यांनी चष्मा काढला, टेबलावरचा कागदी रुमाल उलगडला आणि काचा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

"मले सांगायचं होतं ना तू."

"सांगून काय केलं असतं? प्रत्येक हॉटेलात बसून रडले असते तुम्ही."

"सर, और कुछ लाऊँ?" वेटरनं विचारलं.

"नहीं," मंदाकिनी म्हणाली. "संडे का बुकिंग लिख लो. शाम का. शादी के पहले का खाना है, हमारी लड़की का."

रविवारी संध्याकाळी वेळेवर माणसं जमली. पुरानी बस्तीतले शेजारी होते, वॅगन शॉपमधले जुने सोबती आपापल्या बायकांना घेऊन आले होते, नात्यातली आठ-दहा डोकी होती. काहींचा चेहरा लग्नघरातला, काहींचा दहाव्याला आल्यासारखा. नेमका कोणता घालून यायचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. क्षमाचा भाऊ बंडू दुपारीच गोंदियाहून आला होता. जेवण झालं की तो बहिणीला घेऊन परस्पर स्टेशनवर जाणार होता. तिच्या दोन बॅगा हॉटेलच्या दाराशी ठेवलेल्या होत्या, आणि येणारा प्रत्येक जण त्यांना वळसा घालून आत येत होता.

मंदाकिनीनं रांगोळीचा डबा आणला होता. मॅनेजर कळवळला, "मैडम, टेबल-क्लॉथ खराब हो जाएगा." मग गोदूताईनं ओटीच्या सामानातला झेंडूचा हार सोडला आणि दोघींनी मिळून क्षमाच्या ताटाभोवती पाकळ्यांची महिरप केली. क्षमा पोपटी साडीत बसली होती. साडी मंदाकिनीनं घेतलेली, चांगली जरीची. कुंकू लावलं, ओवाळलं, ओटी भरली. ओवाळताना दिव्याचा उजेड पोरीच्या तोंडावर पडला तेव्हा मंदाकिनीचा हात नीट फिरला. तो मधेच अडेल याचीच तिला भीती होती.

जेवण वाढलं. मंदाकिनी क्षमाच्या समोर बसली, हात मांडीवर. एवढ्या झगझगीत उजेडात, एवढ्या माणसांत तिला काही खाता येणार नव्हतं. अर्धा फुलका मोडून तिनं वाटीआड सरकवून ठेवला आणि सुनेकडे बघत राहिली. क्षमानं दालीत फुलका बुडवला. घास तोंडात घेतला. इकडे तिकडे न बघता चावला. तो उतरला. मग दुसरा उतरला. पोरगी भूक लागल्यासारखी जेवत होती, मधेच बंडूच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली. झालं, मंदाकिनीनं मनात म्हटलं. जमलं.

"आता नाव घे बाई," गोदूताई म्हणाली. "नाव घेतल्याबिगर केळवण होते काय?"

टेबलावरचे चमचे थांबले.

"राहू द्या ताई. जेवू द्या तिले," मंदाकिनी म्हणाली.

"घेते आत्या," क्षमा म्हणाली. तिनं हात पुसले, खाली बघितलं आणि नाव घेतलं. साधं, दोन ओळींचं, कुठल्याही पोरीनं घ्यावं तसं. सचिन या नावावर तिचा आवाज कुठंही अडला नाही. बायकांनी वा वा केलं. निदान एकदा अडखळली असती तर बरं वाटलं असतं, असं मंदाकिनीच्या मनात येऊन गेलं, आणि तिची तिलाच इतकी लाज वाटली की तिनं उगीच पाण्याचा पेला उचलला.

जेवणं उरकली. लोक उठून निरोप घ्यायला लागले, यशवंतराव दाराशी उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते. टेबलाशी क्षमा, बंडू आणि मंदाकिनी एवढेच राहिले. वेटरनं बडीशेपेची वाटी आणून ठेवली तसं क्षमानं त्याला थांबवलं.

"भैया, एक दाल और दो फुलके पॅक कर देना. फुलके में घी मत लगाना. और प्याज अलग."

मंदाकिनीला वाटलं, बंडूसाठी असेल, गाडीत खायला. बंडू बहिणीला विचारत होता की स्टेशनवर कोणत्या दारानं आत जाऊ, आणि क्षमा त्याला सांगत होती, मागच्या गुढियारीकडून नको, पुढच्या बाजूनंच जाऊ. त्याच्याकडे बघूनच बोलत होती. तिच्या हातांचं काही वेगळंच चाललं होतं. डाव्या हातानं तिनं कागदी रुमाल ओढून घेतला होता. वाटीतली बडीशेप त्यावर पसरली होती. आणि उजव्या हाताच्या नखांनी ती त्यातले खडीसाखरेचे दाणे वेचून बाजूला काढत होती. एकेक. खाली न बघता. मग तिनं रुमालाची चारही टोकं आत घेतली, उलटं दुमडून खोच मारली. पुडी झाली.

डबा आला. क्षमानं पुडी झाकणावरच्या रबरात खोचली आणि डबा टेबलावरून मंदाकिनीकडे सरकवला.

"तुम्ही एक घास खाल्ला नाही, आई. पाहून राहिली होती मी. घरी गेल्यावर गरम करून खा."

मंदाकिनी त्या पुडीकडे बघत होती. लग्नानंतरच तर आली होती पार्सलं. त्याआधी एवढी वर्षं एकदाही नाही. आणि लहानपणच्या बडीशेपेची ती गोष्ट तिनंच तर सांगितली होती, क्षमा नवी नवरी असताना, दोघी मटार सोलत बसल्या होत्या तेव्हा. हेल्मेट विसरणारा माणूस हॉटेलात बसून साखरेचे दाणे वेचणार होता काय?

"ही पुडी..." ती म्हणाली.

क्षमानं वर बघितलं. सासूच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसलं.

"ते सांगायचे," क्षमा म्हणाली. तिनं साडीचा पदर ओढला आणि त्याचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "ते म्हणायचे, आईले साखर चालत नाही, नीट वेच. एकही दाणा राहू देऊ नको म्हणायचे. दर वेळी तेच आठवण द्यायचे. मी फक्त..."

इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर माणसाचं खोटं कळतं. दूध उतू गेलं की, सासऱ्यांनी चोरून जिलबी खाल्ली की, ते झाकताना पोरगी असंच पदराचं टोक गुंडाळायची.

"हव," मंदाकिनी म्हणाली. "त्याले सगळं ध्यानात राह्यचं."

"हो आई."

"स्वतःच्या बाबतीत नाही राह्यलं काही. पण माझं राह्यचं."

क्षमानं मान हलवली.

बाहेर रिक्षा आली होती. बंडूनं बॅगा आत टाकल्या. क्षमा यशवंतरावांच्या पाया पडली, मग मंदाकिनीच्या पडली, आणि उठता उठता म्हणाली, "रात्रीची गोळी पांढऱ्या डबीत ठेवली आहे. बाबांची निळ्या." मंदाकिनीला पुष्कळ काही म्हणायचं होतं. दोन वर्षं ती गेलेल्याची आठवण कवटाळून बसली होती, आणि जिला आपली आठवण राहत होती तिला तिनं आपल्या हातानं स्थळ बघून दिलं होतं. नको जाऊ, असं एकदा अगदी ओठांपर्यंत आलं.

"पोचली की फोन कर," ती म्हणाली.

"करते."

रिक्षा नव्या रस्त्याला लागली. मंदाकिनी डबा दोन्ही हातांनी धरून उभी होती. दालीची ऊब अजून तळाला लागत होती.

सकाळी यशवंतराव नेहमीप्रमाणे पूजेला बसले. घरात आवाज नव्हता. एरवी या वेळेला क्षमा तुळशीपाशी असायची. मंदाकिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून कालची दाल गरम करून खात होती.

"कशी लागते?" त्यांनी देव्हाऱ्यापुढूनच विचारलं.

"बेचव," ती म्हणाली. पण फुलका मोडल्याचा आवाज आला, आणि परत आला.

यशवंतरावांनी एकेक देव काढून ताम्हणात ठेवला. मागे हात घालून पुडी काढायला गेले, तर हाताला दोन पुड्या लागल्या. एक पिवळी पडलेली, मऊ झालेली. दुसरी पांढरी, कोरी, हॉटेलचं नाव छापलेली. दोन्हींची घडी सारखी, टोक उलटं दुमडून खोचलेलं.

रोज न विचारणारा माणूस, आज त्यांच्यानं राहवलं नाही.

"मंदा, ही एक निरंजनची. दुसरी कोणाची?"

स्वयंपाकघरात ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दोन्ही तिच्याच," मंदाकिनी म्हणाली.

यशवंतराव ओल्या हातांनी तसेच बसून राहिले. मग त्यांनी हात पुसले, देव पुसून जागेवर मांडले, आणि दोन्ही पुड्या त्यांच्यामागे होत्या तिथं ठेवल्या.